तीन मामा, एक वेबसाइट

तिन्ही मामा किल्लीवाले. आजोबांच्या दुकानातून वेगळे झाले ते भांडून, आणि तीन रस्त्यांवर तीन दुकानं थाटून त्यांनी सात वर्षं अबोला धरला. भाची वेबसाइट बनवायची. एकेक मामा गुपचूप येऊन, "त्या दोघांना कळू देऊ नकोस," असं बजावून वेबसाइट मागून गेला, तेव्हा तिने तिघांनाही हो म्हटलं आणि मनात हिशोब मांडला: मामा तीन, मेहनत एकदाच. साचा एक, रंग एक, मजकूरही एक. बदलला फक्त फोन नंबर आणि रस्त्याचं नाव.

मेले तरी एकमेकांची पानं उघडणार नाहीत, याची तिला खात्री होती. पण सर्च इंजिनाचा कुणाशी अबोला नव्हता. त्याने तिन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली, एकच माणूस तीन मुखवटे घालून बसलाय असं ठरवलं आणि तिघांनाही यादीतून हाकललं. वेगवेगळा मजकूर दिल्याशिवाय परत घेणार नाही, अशी तंबीही पाठवली.

थोरल्या मामांचा फोन आठवडाभर वाजला नाही.

"लोकांनी किल्ल्या हरवायचं सोडलं की काय गं? महिनाभर असंच चाललं तर शटर ओढतो आणि कुठेतरी नोकरी बघतो."

म्हणाले हसत, पण हातातली कानस खाली ठेवून म्हणाले. भाचीला घडलेलं सांगायची हिंमत नव्हती. तिने वही काढली.

"मामा, तुमच्या कामाची खासियत सांगा. नवा मजकूर लिहिते."

"कुलूप तोडायचं नाही, बोलतं करायचं."

मधले मामा आपल्या दुकानात म्हणाले, "मी कुलूप तोडत नसतो. बोलतं करतो."

धाकट्या मामांनी छाती फुगवली. "हे फक्त माझ्याकडे मिळतं, लिहून घे. तोडायचं नाही, बोलतं करायचं."

एकच साचा तीनदा वापरायचा उद्योग तिच्याआधी आजोबांनी करून ठेवला होता.

शेवटी ती थोरल्यांकडे परत गेली. "बरं, धाकट्या मामांची खोड सांगा."

मामा खुलले. बसायला स्टूल दिलं. "त्याला धीर म्हणून नाही. इकडे फोन ठेवला की तिकडे दारात हजर. गाड्यांची कुलपं तेवढी झटक्यात उघडतो."

मग धाकटे मधल्यांवर घसरले. "संशयी प्राणी. घर तुमचंच आहे हे पटल्याशिवाय हात लावणार नाही. भांडणाआधी एकदा मलाच माझ्या दाराबाहेर उभं केलं, म्हणे कागद दाखव. कागद आत."

आणि मधले थोरल्यांवर. "दादा एका कुलपाला तास लावतो. जुन्या पेटीचं असलं तर जेवण विसरतो. पण त्याने उघडलेलं पुन्हा अडकलेलं मी पाहिलं नाही."

टोमण्यांची टोकं तेवढी घासून तिने तीन पानं लिहिली, साचेही तीन केले आणि सर्च इंजिनाला विनवणी धाडली. तीन आठवड्यांनी पानं परत आली. थोरल्यांना पहिलाच फोन आला तो जुन्या पेटीसाठी. पेटी उघडून दिल्यावर त्यांनी स्वतःचं पान पहिल्यांदा नीट वाचलं.

"हे जेवणाचं कुणी सांगितलं?"

भाचीने स्टूल जवळ ओढलं.

"मधल्याने. दुसऱ्या कुणी पाहिलेलंच नाही." मामांनी ती ओळ पुन्हा वाचली. "तास नाही, चाळीस मिनिटं लागतात. सांग त्याला."

"तुम्हीच सांगा की."

मामांनी चष्मा पुसला, मोबाइल उचलला. "त्याच्या पानावर नंबर असेल ना?"