जवाच्या पाण्याची शपथ

मारित सोल्हाइमचा सकाळपासून पाय एका जागी ठरत नव्हता. मिनेसोटातल्या त्या छोट्या कॉलेजात जानेवारीत नेहमीचे वर्ग नसतात. मुलं महिनाभर एकच विषय घेतात. कुणी काच फुंकायला शिकतं, कुणी ब्रेड भाजायला. मारित तिथं इतिहासाची प्राध्यापक. सायकेडेलिक, म्हणजे भास घडवणाऱ्या पदार्थांचा इतिहास आणि संस्कृती शिकवू द्या, म्हणून तिनं डीन रोलंड फायफर यांचा उंबरठा झिजवला होता. शेवटी वैतागून ते म्हणाले, "एकदा घे. पण मी बघायला येणार." त्यांना पटलं तर वर्ग पुढच्या वर्षीही, नाहीतर आहेच ब्रेड भाजायला शिकवणं.

आणि ते येणार होते नेमके इल्युसिसच्या दिवशी!

जुने ग्रीक लोक इल्युसिसला धान्यदेवीच्या देवळात उपाशीपोटी चालत जायचे, जव आणि पुदिन्याचं पाणी प्यायचे आणि अंधारात काहीतरी बघून बदलून परतायचे. काय बघितलं ते बाहेर सांगायचं नाही, सांगितलं तर मरण. त्या पाण्यात जवावरची बुरशी असावी आणि तीच डोकं फिरवत असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. बाकीचे त्यांना वेड्यात काढतात. "आधी चालून बघू, मग भांडू," ही टूम मुलांचीच. कालपासून पोटात फक्त काळी कॉफी. गोठलेलं तळं त्यांनी तोंडातून अवाक्षर न काढता पार केलं, तेव्हा बर्फात भोक पाडून गळ टाकून बसलेले म्हातारे बघतच राहिले.

मग चॅपलचं तळघर, एकच मेणबत्ती, आणि मारितनं स्वतःच्या स्वयंपाकघरातून आणलेलं पातेलं. "यात जव, पुदिना आणि पाणी आहे. बस्स," तिनं बजावून सांगितलं होतं. ऐकतंय कोण!

"प्रोफेसर, मला आतून ऊब येतेय," हॉकी खेळणारा आडदांड कोल्बी कुजबुजला.

"अरे बाबा, तू हीटरला टेकलायस."

कोल्बी हसला आणि हसता हसता हुंदके द्यायला लागला. त्याचं बघून आणखी दोघं. मारितच्या अंगावर काटा आला. भूक, थंडी, अंधार आणि सोबत यांनीच अर्धं काम होतं, असं ती वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत होती, आणि आज ते डोळ्यांसमोर घडत होतं! तिला नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात दारात फायफर. दाराशी पहाऱ्याला उभ्या असलेल्या अनिका या विद्यार्थिनीनं हात आडवा घातला. "इथलं बाहेर सांगणार नाही अशी शपथ घ्या, मग आत."

"अगं, मी डीन आहे."

"इल्युसिसला रोमच्या बादशहांनाही घ्यावी लागली."

पुटपुटत त्यांनी शपथ घेतली, आत आले आणि ढसाढसा रडणारा कोल्बी बघून थिजले. "मारित! काय पाजलंस या पोरांना?"

मारितला वाटलं, संपला वर्ग. "जवाचं पाणी."

"मला खुळा समजतेस?"

"मग तुम्हीच प्या."

त्यांनी रागारागानं पेला तोंडाला लावला. दिवसभराच्या मीटिंगांत त्यांनाही जेवायला झालं नव्हतं. पेला खाली ठेवतात न ठेवतात तोच ठरल्याप्रमाणे अनिका पुढे आली आणि मेणबत्तीच्या उजेडात तिनं जवाचं एक वाळलेलं कणीस उंच धरलं.

फायफर हळूच खुर्चीत बसले. त्यांचे डोळे भरून आले. "डकोटात आमचं जवाचं शेत..." ते बोलू लागले, पण अनिकानं ओठांवर बोट ठेवलं. डीनसाहेब गप्प बसले.

बाहेर आल्यावर त्यांनी मारितला बाजूला घेतलं. "खरं सांग. काहीच नव्हतं त्यात?"

"काहीच नव्हतं."

"मग मला माझे वडील कसे दिसले? कापणीच्या यंत्रावर बसलेले, टोपीसकट!"

"तेच तर शिकवायचंय, रोलंड. पण एका जानेवारी महिन्यात ते भागत नाही."

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या अभ्यासक्रम समितीपुढे मारित हात घट्ट आवळून बसली होती. एका सभासदानं चष्म्यावरून बघत विचारलं, "या वर्गाला पुन्हा मंजुरी द्या म्हणता, पण तिथं नेमकं घडतं काय?"

फायफरांनी मारितकडे बघितलंही नाही.

"ते नाही सांगता येणार," ते म्हणाले. "मी शपथ घेतलीय."