चार बोटं फट

“पोरी, तुझं लेकरू चर्चच्या त्या भिंतीच्या बुडाला बसवू नगंस. भित्त वळंब्यात न्हाई.”

नाथाजी गवंड्यांनी असं बजावलं तेव्हा क्रांती हसली होती. गॅसचं बटण तीनदा तपासणारी, लेकीच्या कपाळाला उठता-बसता हात लावून बघणारी क्रांती! “काका, कोयनानगरात हादरे काय नवे आहेत? परवाच गिलावा करून चुना दिलाय. बघा, कशी नव्यासारखी दिसतेय!” असं म्हणून ती चर्चमध्ये शिरली. मी तेव्हा नाथाजींच्या पिशवीत होतो. मित्रांनो, मी त्यांचा जुना पितळी ओळंबा.

सांगलीच्या एका ओताऱ्याने मला घडवलं. माझ्या दोरीत एक लाकडी गट्टू आहे. तो भिंतीच्या माथ्याशी टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीच्या पायथ्याला जेमतेम चाटून थांबलो, तर भिंत सरळ. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी हेच केलं. मग नाथाजींचे गुडघे गेले, माझी दोरी मळली आणि आम्ही कोपऱ्यात पडलो. क्रांती हसली त्या दिवसापासून तर ते उपासनेलाही येईनासे झाले. शेवटच्या बाकावरची त्यांची जागा रिकामी दिसे, पण कुणी विचारलं नाही.

यंदा चर्चमध्ये हंगामाच्या सणाला, नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, मुलांचं नाटक बसलं. विषय होता जखऱ्या संदेष्ट्याचा दृष्टान्त. यरुशलेमचं मंदिर ढासळलेलं आहे, बंदिवासातून परतलेले लोक हातपाय गाळून बसले आहेत. तेव्हा देव संदेष्ट्याला दाखवतो, की ज्याने पाया घातला तोच मंदिर पुरं करील, आणि त्याच्या हाती ओळंबा दिसेल. नाटक बसवणाऱ्या मयूरीताई सांगायच्या, “ओळंबा म्हणजे देवाचं वचन. मोडलेलं पुन्हा उभं राहणार!” क्रांतीची सहा वर्षांची स्वानंदी मंदिर बांधणारी झाली होती. तिचा पुठ्ठ्याचा ओळंबा फाटला, म्हणून क्रांती मला मागायला आली.

नाथाजींनी मला धोतराने पुसून तिच्या हातावर ठेवलं. “ने. पर त्ये खेळणं न्हाई. कुनाचं त्वांड बघून बोलत न्हाई त्ये.”

सणाच्या सकाळी मुलं भिंतीला टेकून ओळीने बसली. स्वानंदीची पाळी येईपर्यंत क्रांतीने स्टुलावर चढून, गट्टू भिंतीला टेकवून मला वरच्या खिळ्याला टांगलं. मी डोललो, थांबलो. भिंतीचा पायथा माझ्यापासून दूरच राहिला; माथा आत कलला होता. क्रांतीने त्या फटीत बोटं घालून पाहिली. चारही गेली. शेजारीच स्वानंदी पाय हलवत बसली होती.

“मयूरीताई, मुलांना उठवा. सगळ्यांना बाहेर काढा!”

“अगं, पेटी सुरू झालीय!”

“उठवा म्हणते ना!”

“हिला बाई ताटली पडली तरी भूकंप वाटतो,” मागून कुणीतरी म्हणालं. तरी क्रांतीने मुलं बाहेर नेलीच. नाटक अंगणात फणसाखाली झालं. भिंत मात्र उभीच, पांढरीशुभ्र. दोन दिवस लोक क्रांतीला हसले. गडबडीत विसरलेला मी तिथेच लटकून ती फट बघत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी हादरा बसला. नेहमीचाच, कपबश्या वाजवणारा. भिंत कोसळली ती नेमकी मुलांच्या जागेवर, पण तेव्हा आत कुणी नव्हतं. विटांखालून मला काढलं तेव्हा माझं टोक बोथटलं होतं.

मित्रांनो, मयूरीताईंचं म्हणणं खरंच आहे. पण मोडलेलं उभं करण्याआधी वाकडं काय ते दाखवणं, हाही त्या वचनाचाच भाग. नुसता चुना फासून ते पुरं होत नाही.

क्रांती नाथाजींकडे धावली. ते म्हणाले, “लेकरू बरं हाय न्हवं? मग झालं तर.” तेव्हापासून ते रोज चर्चपाशी खुर्ची टाकून बसतात, स्वानंदी माझी दोरी धरते आणि गवंडी नवी भिंत रचतात. भिंत कमरेपर्यंत आली आहे.

आज मात्र खुर्ची रिकामी आहे. “थंडी आहे, झोपले असतील,” एक गवंडी म्हणाला. “काल खोकत होते ते,” एवढंच बोलून क्रांतीने मला स्वानंदीच्या हातात दिलं आणि चपला अडकवून ती निघाली.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी जागा रिकामी असेल. कुणी सांगेल, असतील झोपलेले. तरी तुम्ही जा. दार वाजवा, आणि आतून ओ येईपर्यंत तिथून हलू नका.