दोमिंगो बसला

लिलाव पुकारणाऱ्या रुबेनने माइकवर घसा साफ केला, "मंडळी, पुढचा वळू" एवढंच म्हणाला, आणि आमचा दोमिंगो रिंगणाच्या मधोमध बसला.

पडला नाही, बसला. पुढचे गुडघे दुमडले, मग मागचं धूड सावकाश खाली सोडलं, जेवून उठलेल्या माणसासारखं. कासरा माझ्या हातात. मी ओढला. दोमिंगोने माझ्याकडे पाहिलं आणि रवंथ सुरू केलं.

"मिल्तन, उठव त्याला," कठड्याबाहेरून नेलिदाआत्या म्हणाली.

"तूच ये आत्या. माझं ऐकतो का तो?"

ताकुआरेंबोच्या बाजारात वळू बसला की बाकांवर एकच कुजबुज सुरू होते. मागचे पाय गेलेले दिसतात. आणि मागचे पाय गेलेला वळू गाईवर काय चढणार?

"कुणीतरी चादर आणा रे," आमचा शेजारी फागुन्देस ओरडला. बाकं हसली.

"बोली नाही? एक वार," रुबेन म्हणाला.

तो बसलाय तोवर मागचं सांगतो.

आमच्या माळावरचा प्रत्येक गोऱ्हा खच्ची व्हायचा, पोसला जायचा आणि कत्तलखान्याच्या लॉरीत चढायचा. वळू विकायचे ते मोठ्या मळेवाल्यांनी, आपण घ्यायचे. आत्याचा नवरा असेपर्यंत असंच होतं. तो गेल्यानंतरच्या पहिल्याच खच्चीच्या दिवशी एका गोऱ्ह्याच्या पाठीवर आत्याने हात ठेवला.

"याला सुरी लावायची नाही."

फागुन्देस मदतीला आला होता. "का? काय पाहिलंस यात?"

"याची आई पाहिली. दरसाल विते, कुणाला बोलवावं लागत नाही. आणि डोळे बघ याचे."

आमची हेरफर्ड जनावरं पांढऱ्या तोंडाची. ऊन लागून डोळ्यांना गाठी होतात. याच्या डोळ्यांभोवती मात्र तांबडी कड होती, चष्मा घातल्यासारखी.

"वळू निवडतेस की जावई?"

"जावई निवडताना एवढं बघितलं नव्हतं," आत्या म्हणाली.

मग रोज संध्याकाळी खरारा. थर्मास काखेत, माते नावाच्या कडू पानांच्या चहाचा तुंबा एका हातात, खरारा दुसऱ्या हातात, आणि खुंटीला टांगलेल्या रेडिओवर जनावरांचे बाजारभाव. खरारा संपता संपता दोमिंगो सुखावून बसायचा. भाव कोण सांगायचं?

"दोन वार," माइकवरून आवाज आला.

बरोबर. रुबेन.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा रुबेन माइकवरून दोमिंगोच्या खुरांची तारीफ करत होता, आणि दोमिंगोने हनुवटी वाळूवर टेकली होती. मी आत्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. आज हा विकला नाही तर परत न्यायचा कुठे? आमचा माळ एका वळूपुरता, आणि तो जुना वळू घरी होताच. मग लॉरीच.

मी ओरडलो, "आत्या, रेडिओ!"

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग कठड्याखालून वाकून थेट आत आली, रुबेनसमोर उभी राहिली.

"रुबेन, तू गप्प बस."

"नेलिदाबाई, मी लिलाव करतोय."

"कर की. पण तोंड बंद ठेवून कर. तुझ्या आवाजाने झोप येते त्याला."

बाकं अशी हसली की पत्रे वाजले. रुबेन लालबुंद झाला. मग त्याने माइक बाजूला ठेवला आणि ओठांवर बोट धरलं.

त्या बाजारात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आत्याने जिभेने टक् केलं. दोमिंगो उठला. मी त्याला चालवला; मागचे पाय पुढच्यांच्या ठशांत बरोबर पडत होते, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. कुणी टोपी उचलली, कुणी भुवई. रुबेन नुसती बोटं नाचवत होता, घामाघूम. शेवटी दोघेच उरले: एक खादाड मळेवाला, आणि डोंगराकडची इर्मा पेरेरा, जिचा नवरा शेजारी छातीला पट्टा बांधून बसला होता. इर्माने पुन्हा हात वर केला. मळेवाल्याने मान हलवली.

रुबेनने एक बोट दाखवलं. दोन. तीन. हातोडा आपटला, आणि इतका वेळ दाबलेलं त्याच्या तोंडून निसटलंच.

"विकला!"

दोमिंगो बसला.

आपल्या लॉरीपाशी इर्मा म्हणाली, "आधीच्या वळूने ह्यांच्या बरगड्या मोडल्या. मला असाच हवा होता. झोपाळू."

"झोपाळू नाही हो तो," आत्या म्हणाली. "कामाच्या वेळी फक्त रेडिओ बंद ठेवा."

इर्मा हसून हसून लॉरीला टेकली. तिच्या नवऱ्याने बरगड्या धरल्या. त्याला हसणं परवडत नव्हतं. आत्याने सोबत आणलेला खुंटीवरचा रेडिओ गाडीतून काढला, त्याची तार गुंडाळली आणि इर्माच्या हातात दिला. "रात्री बिथरला तर लावा. नवी जागा आहे."

घरी येताना फागुन्देसने आमच्या गाडीत गाणी म्हटली. आत्यानेही.

संध्याकाळी मी तिला शोधत गोठ्यामागे गेलो. रिकामी खुंटी. खाली गवतात दोमिंगोच्या बैठकीचा खळगा. आत्या या वर्षी राखलेल्या गोऱ्ह्याच्या पाठीवरून खरारा फिरवत होती. तिने घसा साफ केला आणि रुबेनच्या थाटात भाव सांगायला लागली. कालचेच होते.

गोऱ्हा बसला नाही. पण एक कान तिच्याकडे वळला.