गोजरबाईंची हरकत

मुकुंदवाडीतल्या त्या लहान चर्चमध्ये साळव्यांच्या घराचं नाव उदाहरण म्हणून घेतलं जायचं. अप्पाराव साळवे हयात होते तोवर त्यांच्याकडची संध्याकाळची प्रार्थना कधी चुकली नाही. गाण्यांचा आवाज ऐकून शेजारपाजारचे येऊन बसायचे, चहा घेऊन जायचे. त्यातले काही पुढं रविवारच्या उपासनेलाही यायला लागले. "घर नीट असलं की मंडळी आपोआप वाढते," असं पाळक विश्वजीतसाहेब म्हणायचे आणि साळव्यांच्या बाकाकडं बघायचे.

प्रार्थना संपून माणसं गेली, दार लागलं, की अप्पारावांचा हात बायकोवर उठायचा. हे त्या बाकावरच्या माणसांनाच ठाऊक होतं. त्याला कारण कुठलंही पुरायचं. लहानगा राजेंद्र कोपऱ्यातून बघायचा. गोजरबाई त्याचे डोळे पुसून सांगायच्या, "बाहेर बोलायचं नाय, बाळा. लोक आपल्याकडं बघून देवाकडं येतात."

अप्पाराव वारले. राजेंद्र वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर झाला. बापासारखाच गोड गळा, बापासारखंच पाठांतर. गंगापूरच्या ख्रिस्ती घरातली दिपाली सून म्हणून आली, आणि गोजरबाईंना घरात पहिल्यांदा जिवाभावाचं माणूस मिळालं. पण लग्नाला वर्ष व्हायच्या आतच त्यांना स्वयंपाकघरातून तो ओळखीचा आवाज ऐकू आला. त्या उठल्या नाहीत.

दिपाली पोटुशी असताना राजेंद्रनं तिला ढकललं. ओट्याची कड पोटात बसली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशानं झालं?" दिपालीनं सासूकडं पाहिलं. गोजरबाई म्हणाल्या, "पाय घसरला." मूल वाचलं नाही. दवाखान्यातूनच दिपाली बापाबरोबर गंगापूरला गेली. ती माहेरी आरामाला गेली आहे, असं राजेंद्रनं मंडळीत सांगितलं आणि तिच्यासाठी प्रार्थना करायला लावली. सगळे उभे राहिले. गोजरबाईही राहिल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक जण गावी राहायला गेला आणि त्याची जागा रिकामी झाली. उपासना संपल्यावर पाळकांनी राजेंद्रचं नाव सुचवलं. "अशा घरात वाढलेला माणूस आपल्या पोरांना वळण लावील. कुणाची हरकत?"

गोजरबाई उठल्या. "माझी हाय."

लोकांना वाटलं, म्हातारी चेष्टा करते. कुणीतरी हसलंही.

"माझ्या लेकाला पंच करू नका. बापानं मला मारलं, ह्यानं बायकोला मारलं. पोटातलं लेकरू गेलं ते ह्याच्या हातानं. दवाखान्यात मी खोटं बोलले."

राजेंद्र जागचा हलला नाही. शांतपणे म्हणाला, "बाबा गेल्यापासनं आईचं डोकं ठिकाणावर नाय. तिच्यासाठी प्रार्थना करा."

आणि काही जणांनी खरंच माना खाली घातल्या.

पाळकांनी निवड पुढं ढकलली. गोजरबाईंना बाजूला घेऊन ते म्हणाले, "मावशी, आधी माझ्याकडं यायचं होतं."

"तुमच्या आधीच्या पाळकांकडं गेले होते. राजू कडेवर होता. त्यांनी प्रार्थना केली अन् मला घरी आणून सोडलं."



त्या दिवशी घराला आतून कडी होती. गोजरबाईंनी पुष्कळ हाका मारल्या. शेवटी शेजारणीनं त्यांना आपल्याकडं नेलं. राजेंद्रनं मंडळी सोडली, त्याच्यामागं त्याचे चुलते आणि त्यांची घरंही गेली. बाक मोकळे पडले. म्हातारीनं चर्च फोडलं, असं बायका नळावर त्यांना ऐकू जाईल असं बोलायच्या. सिडकोतल्या दुसऱ्या मंडळीनं राजेंद्रला आनंदानं घेतलं. थोड्याच दिवसांत तो तिथं पोरांना गाणी शिकवायला लागला.

ते कळलं तेव्हा गोजरबाई एसटीनं गंगापूरला गेल्या.

दिपाली अंगणात कापूस वेचून आलेल्या बायकांना पाणी देत होती. सासूला पाहून तिनं तांब्या खाली ठेवला. बसा म्हणाली नाही.

"मी मंडळीत सगळं सांगितलं, पोरी."

"कळलं मला." दिपाली म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी तुमच्याकडं बघत होते, आत्या."

"व्हय."

"तुम्ही बोलला असता तर मी पण बोलले असते."

गोजरबाईंनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "आता पोलिसांपुढं बोलते. चल माझ्याबरोबर. तो तिकडं लेकरं शिकवायलाय."

दिपालीनं खाली ठेवलेला तांब्या उचलला. "येते. पण माफी मागू नका. माझ्याजवळ नाय ती."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला गर्दी नव्हती. दिपाली खिडकीजवळ बसली आणि शेजारच्या सीटवर तिनं पिशवी ठेवली. गोजरबाई तिच्यामागच्या सीटवर बसल्या.