टॉलिव्हर मयतवाल्यांचा हातपंखा

मी हातपंखा बोलतोय. छताला लटकून गरगरणारा तो विजेवाला नव्हे. तो काय, बटण दाबलं की सुटला, कुणाला वारा घालतोय याची त्याला शुद्ध नसते. मी जाड पुठ्ठ्याचा आहे आणि खाली धरायला लाकडी पट्टी ठोकलेली आहे. माझ्या एका अंगाला हसरं कुटुंब छापलंय. बाप, आई, दोन पोरं, सगळे रविवारच्या कपड्यांत आणि सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र. उलटं केलंत की ठळक अक्षरं दिसतील: 'टॉलिव्हर आणि चिरंजीव, अंत्यविधीची संपूर्ण व्यवस्था. अखेरपर्यंत तुमच्या सोबत.' खाली फोन नंबर. म्हणजे इकडून बघाल तर संसार, तिकडून बघाल तर तिरडी.

माझी अशी पाचशे भावंडं एका खोक्यातून पिकेट क्रॉसिंगच्या माउंट नीबो चर्चमध्ये आली. गाव अलाबामातलं, आम्हा काळ्या माणसांचं. पंखे टॉलिव्हरकडून भेट होते आणि फुकट ते पौष्टिक, म्हणून सगळ्यांनी आनंदाने उचलले. गावात आपल्या माणसांच्या मालकीच्या गोष्टी तीनच: केस कापायचं दुकान, चर्च आणि टॉलिव्हरचा मयताचा धंदा. किराणा, कापड, औषधं, सगळं दुसऱ्यांचं. केस कापणाऱ्याची खुर्ची अधूनमधून रिकामी दिसायची, टॉलिव्हरला मात्र उसंत नव्हती. स्वावलंबनावर भाषण झालं की उदाहरण म्हणून त्याचंच नाव निघायचं आणि तोही तिसऱ्या बाकावरून उठून सगळ्यांकडे बघत मान लववायचा. का कोण जाणे, त्याने आपल्याकडे बघितलेलं कुणालाच आवडत नसे.

मी व्हर्नेल बॅटल बाईंच्या हाती लागलो हे माझं भाग्य. वय अडुसष्ट, चर्चच्या परिचारिकांच्या प्रमुख. मोठ्या शहरातल्या इस्पितळात एकतीस वर्षं दुसऱ्यांची शौचाची भांडी उचलली आणि बिछाने बदलले. आता रविवारी पांढरा गणवेश, पांढरे मोजे, पांढरे हातमोजे घालून पहिल्या बाकाशी उभ्या असायच्या. तोंड फटकळ, हात मायेचा.

आमच्याकडे अंगात येतं. पवित्र आत्मा येतो हो, दुसरं काही नाही. ऑर्गन तापतो, पाळकबाबांचा आवाज चढतो आणि कुणीतरी किंचाळून उभं राहतं. दोन्ही हात वर फेकून नाचतं आणि दमलं की आडवं होतं. मग परिचारिका धावतात. एक चष्मा काढून घेते, दुसरी अंगावर चादर टाकते, तिसरी वारा घालते. ती तिसरी म्हणजे व्हर्नेलबाई आणि वारा म्हणजे मी. उगाच बढाई मारत नाही, पण अर्ध्या गावाला मी शुद्धीवर आणलंय.

आता खरी गोष्ट सांगतो. व्हर्नेलबाईंना एकच धाकटा भाऊ उरला होता, एझेल. त्यांचा बाप अठ्ठावन्नाव्या वर्षी शेतात पडला तो उठलाच नाही. एक भाऊ छप्पनाव्या वर्षी गेला, दुसरा सत्तावन्नाव्या. तिघांनाही रक्तदाब होता, तिघांनीही तो कधी मोजला नाही आणि तिघांनाही टॉलिव्हरनेच पोचवलं. एझेल येत्या ऑगस्टात अठ्ठावन्नाचा होणार होता. व्हर्नेलबाईंनी टपालाने आकडे दाखवणारं यंत्र मागवलं होतं, दंडाला पट्टा बांधून बटण दाबायचं, बस्स. एझेलने एकदा, फक्त एकदा दंड पुढे करावा, एवढाच त्यांचा हट्ट होता.

आणि एझेल कोण? चर्चचा डीकन, म्हणजे आमच्यातला पंच. शिवाय 'आरोग्य व स्वावलंबन समिती'चा अध्यक्ष! शेजारच्या गावातलं इस्पितळ बंद पडलं तेव्हा ही समिती निघाली. सात वर्षं झाली. या सात वर्षांत समितीने बॅनरचा रंग ठरवला (जांभळा), गीत निवडलं आणि नऊ उपसमित्या नेमल्या. त्यांतली भोजन उपसमिती तेवढी जोमात होती. चर्चच्या तळघरात एक खोली होती. तिथे रक्तदाब आणि साखर तपासायची सोय करू, असं व्हर्नेलबाई पहिल्या बैठकीपासून म्हणत होत्या. पण खोलीत गायकांचे जुने झगे ठेवलेले आणि किल्ली एझेलच्या खिशात. झग्यांचं काय करायचं यावर उपसमिती विचार करत होती.

"ताई, माझा रक्तदाब हा मी आणि माझा देव यांच्यातला मामला आहे," एझेल म्हणायचा.

"देवाला माहीतच आहे रे. तुला माहीत नाही, ही पंचाईत आहे."

"आणि मी काकडीच्या लोणच्याच्या बरणीतलं पाणी पितो रोज. त्याने उतरतो."

"त्यात मीठ असतं, गाढवा!"

मग एझेल गंभीर व्हायचा. "डॉक्टर लोकांनी आपल्याशी काय केलं ते विसरलीस? याच राज्यात सरकारी डॉक्टरांनी आपली आजारी माणसं चाळीस वर्षं औषधाविना ठेवली, रोग कसा वाढतो ते बघायला, आणि वर टिपणं काढत बसले. मी नाही कुणाला दंड देणार."

ते खरंच होतं, व्हर्नेलबाईही ते नाकारत नसत. मग म्हणायच्या, "म्हणून तर मी मोजते म्हणतेय. मी काय सरकार आहे? तुझं नाक पुसून मोठं केलंय मी."

तरी दंड काही पुढे यायचा नाही. अध्यक्षांचाच नाही, मग बाकीच्यांचा कुठून येणार? यंत्र घेऊन बाई दाराशी बसल्या की पुरुषमंडळी मागच्या दाराने पसार. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

जूनमधला स्वावलंबनाचा रविवार आला. जांभळा बॅनर लागला. खाली तळघरात भोजन उपसमितीने तळलेली कोंबडी, डुकराच्या बरगड्या, चीज घातलेली मॅकरोनी आणि पीचचा गोड पदार्थ असा बेत मांडला होता. वर एझेल भाषणाला उभा राहिला. विषय होता, 'आपलं आरोग्य, आपल्या हाती'. उकाडा मरणाचा. पाचशे पंखे हलत होते, म्हणजे पाचशे वेळा टॉलिव्हरचं नाव पुढे-मागे होत होतं.

"बंधूंनो," एझेल गरजला, "कुणी येऊन आपल्याला वाचवणार नाही!"

"बरोबर!" लोक ओरडले.

"आपणच... आपणच आप... ल्याला..." शब्द लटपटले. त्याने पुन्हा प्रयत्न केला. तोंडातून निघालं ते कुणालाच कळलं नाही.

"आला! आत्मा आला!" मागून कुणीतरी ओरडलं. "बोला डीकन, बोला!" ऑर्गनवर क्लिओला होती. तिला तर निमित्तच हवं असायचं, तिने चाल दुप्पट केली. एझेल डोलला, एका बाजूला झुकला आणि व्यासपीठावर कोसळला. सगळं चर्च उभं राहून टाळ्या पिटायला लागलं. चोवीस वर्षं डीकन होता, पण त्याच्या अंगात कधी आलं नव्हतं. पाळकबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

परिचारिका धावल्या. एकीने चष्मा काढला, दुसरीने चादर टाकली आणि व्हर्नेलबाई वारा घालायला लागल्या. हो, त्याही! एकतीस वर्षं इस्पितळात काढलेल्या बाई, पण त्या क्षणी हाताला चर्चची सवय लागली होती. माझ्या तोंडून शब्द फुटत असता तर मी ओरडलो असतो. मी त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतो आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला मला स्वच्छ दिसत होता. मला लाज वाटते सांगायला, पण मी वारा घालत राहिलो.

मग बाईंचा हात थांबला. अंगात आलं की दोन्ही हात वर जातात. एझेलचा डावा तेवढा हवेत चाचपडत होता. उजवा जमिनीवर पडून होता.

"बंद कर तो ऑर्गन!" व्हर्नेलबाई किंचाळल्या.

"बाईंच्याही अंगात आलं!" लोक म्हणाले आणि क्लिओलाने आणखी जोर लावला. बाई उठल्या, तरातरा गेल्या आणि ऑर्गनचं झाकण धाडकन पाडलं. क्लिओलाने बोटं काढली म्हणून वाचली. "हा आत्मा नाही, झटका आहे! मेंदूचा झटका! गाडी काढा कुणीतरी!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इस्पितळ आता चाळीस मैलांवर. रुग्णवाहिका बोलवावी तर तिलाही तिथूनच यायचं. तिसऱ्या बाकावरचा मर्विन टॉलिव्हर उठला आणि घसा खाकरून म्हणाला, "माझी गाडी दाराशीच आहे. आडवं झोपवता येतं. आत गारवाही आहे."

"जिवंत माणसाला मयताच्या गाडीत?" पाळकबाबांनी छातीला हात लावला. एझेलने जमिनीवरून डावा हात जोरजोरात हलवला. नको, नको, एवढं त्यालाही कळत होतं.

व्हर्नेलबाई त्याच्या कानाशी वाकल्या. "एझेल, ऐक. आज या गाडीत झोपून गेलास तर बसून परत येशील. आज नाही म्हणालास तर उद्या याच गाडीत झोपावं लागेल आणि मग तुला कुणी विचारणार नाही. चल."

चौघांनी उचलून ठेवला. बाई शेजारी बसल्या आणि मी त्यांच्या हातात. टॉलिव्हरने दिवे लावले, हातमोजे चढवले आणि गाडी निघाली, ताशी वीस मैलांनी! तीस वर्षांत त्याच्या एकाही प्रवाशाला घाई नव्हती, बिचारा काय करणार? मागून चर्चच्या सतरा गाड्या, त्याही दिवे लावून, रांगेत, मुंगीच्या पावलांनी.

फाड! बाईंनी मला टॉलिव्हरच्या टकलावर हाणलं. माझी पट्टी तेव्हाच तडकली. "मर्विन, मेल्या, हा अजून जिवंत आहे! हाण गाडी!"

आणि मग त्याने हाणली. आमच्या भागात मयताची गाडी दिसली की समोरचा माणूस, काळा असो की गोरा, गाडी कडेला घेऊन टोपी काढतो. तर त्या दिवशी चाळीस मैल रस्ता आपोआप मोकळा. लोक टोप्या काढून उभे आणि ती काळी लांब गाडी त्यांच्या समोरून बंदुकीच्या गोळीसारखी जातेय, मागे सतरा गाड्या धूळ उडवत! एका म्हाताऱ्याने छातीशी धरलेली टोपी वाऱ्याने उडाली. बॅटल घराण्याला पुरायची एवढी घाई का, असं तो नंतर महिनाभर विचारत होता.

एझेल वाचला. वेळेत आणलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्याने दंड दिला, दोन्ही दिले. देणार नाही म्हणायला तोंडच चालत नव्हतं. तीन आठवड्यांनी बसून परत आला. तोंड जरा वाकडं, उजवा हात लुळा. पहिलं वाक्य बोलला ते टॉलिव्हरला: "तुझ्या गाडीचं छत फार सुंदर आहे रे. पुन्हा नको दाखवूस." मग डाव्या हाताने खिशातून तळघराची किल्ली काढून बहिणीपुढे धरली. समितीला विचारलंसुद्धा नाही.

झगे एका दुपारीत हलले. सात वर्षांचा प्रश्न, दुपार पुरली! आता दर रविवारी प्रार्थनेनंतर खोलीपुढे रांग लागते. अध्यक्ष स्वतः दाराशी बसून वाकड्या तोंडाने एकेकाला हाक मारतो, आणि ते तोंड बघून कुणी मागच्या दाराने जात नाही. खुर्च्या टॉलिव्हरने दिल्या, पाठीवर अर्थात त्याचं नाव. नवे पंखेही छापले: 'तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, तर वारा घालू नका, धावा.' उलट बाजूला जाहिरात तशीच. "मी गिऱ्हाईक सोडत नाही," तो म्हणतो, "फक्त थांबायची तयारी आहे."

माझी जागा नव्यांनी घेतली. मी खोलीत खिळ्याला असतो, पट्टीला चिकटपट्टी गुंडाळलेली. एझेलला उजव्या हाताचा व्यायाम सांगितलाय, त्यासाठी त्याने मलाच निवडलं. पहिल्या आठवड्यात मी त्याच्या बोटांतून चार वेळा पडलो.

परवा ऑगस्टातला शेवटचा रविवार होता. एझेल अठ्ठावन्नाचा झाला. रांग संपली, लोक गेले, व्हर्नेलबाई यंत्र पुसून ठेवत होत्या.

"ताई," एझेल म्हणाला, "तुझा किती आहे?"

"माझा काय किती?"

"रक्तदाब."

"मला कुठे वेळ असतो रे."

"म्हणजे कधीच मोजला नाहीस? तूसुद्धा त्याच बापाची ना?"

बाईंनी यंत्राचा पट्टा गुंडाळायला घेतला. एझेलने डाव्या हाताने त्यांचा दंड धरला, पट्ट्याचं टोक दातांत पकडलं आणि ओढून बांधला. बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं, आकडे चढले, थांबले. त्या सकाळी रांगेत उभ्या असलेल्या एकाचाही एवढा नव्हता. व्हर्नेलबाई टॉलिव्हरच्या खुर्चीत मटकन बसल्या.

"उद्या सकाळी डॉक्टर," एझेल म्हणाला. "मी येतोय सोबत. आणि नाही म्हणालीस तर मर्विनला गाडी घेऊन बोलावतो."

बाई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. एझेलने मला खिळ्यावरून काढलं. उजव्या हातात. बोटं थरथरत होती, पण मी पडलो नाही. एकदा इकडे, एकदा तिकडे. इतका हळू मी जन्मात हललो नव्हतो. इतक्या वर्षांत या बाईला कुणी वारा घातलेला मी पहिल्यांदाच बघितला.

मी आता फार दिवस टिकायचा नाही, पुठ्ठा सुटत चाललाय. जायच्या आधी एवढंच मागतो. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, सगळ्यांना वारा घालणारी. आज घरी गेलात की तिला खुर्चीत बसवा आणि विचारा, बाई, तुझा किती आहे?