आपल्या दाराचं कुलूप

आमचा कुलपांचा कारखाना. खप इतका घसरला होता की कारखान्यालाच कुलूप लागायची वेळ आली होती. आजोबांमागे कारभार आत्याकडे आला. पहिल्या दिवशी ती आत शिरलीच नाही, फाटकाशी थबकली.

"हे कुणाचं रे?"

"आपलंच फाटक, ताई," बाबा म्हणाले. बाबा तिचे धाकटे भाऊ आणि आमचे फोरमन.

"फाटक नाही, बाळ्या. कुलूप."

फाटकावरचं दुसऱ्या कंपनीचं होतं. कामगारांच्या कपाटांवरचीही.

"आपलं का नाही लावत?"

"आपलं पिनेने उघडतं!" मी पॅकिंगच्या टेबलावरून ओरडलो. मला दत्तक द्यायला कुणी सापडेल का, असा विचार बाबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

आत्याने अंबाड्यातली पिन काढली, आमचं कुलूप उघडलं, पिन परत खोचली. "आजपासून विक्री बंद. स्वतःच्या घराला लावाल असंच कुलूप बनवायचं. उन्हाळा संपेपर्यंत नाही जमलं, तर फाटकाला शेवटचं कुलूप मी लावीन. त्या दुसऱ्या कंपनीचंच."

खप वाढावा म्हणून विक्री बंद! बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं सगळे म्हणाले आणि निमूट कामाला लागले. भोंगा वाजताच पळणारी माणसं भोंग्यालाच "थांब जरा" म्हणू लागली. रोज सकाळी आत्या यायची, पिन घालायची, कुलूप उघडायचं. "पुन्हा," एवढंच म्हणायची. आवाज कधी चढला नाही. बाबा तर झोपेतही "पुन्हा" म्हणायचे.

उन्हाळा सरता सरता एका सकाळी पिन तुटली. आत्याचा अंबाडा सुटून पाठीवर आला. मोकळ्या केसांकडे बघून इतके मिशीवाले एकदम रडताना मी कधी पाहिले नव्हते.

संध्याकाळी बाबांनी ते कुलूप आमच्या दाराला लावलं. खटकन बसलं. किल्ली घरात होती.

बाबांनी सगळी हत्यारं लावून पाहिली. आयुष्यभराचं कसब लावून पाहिलं. ढिम्म. शेजारी जमले.

"आम्हाला आमच्या घरात जाता येत नाही!" बाबा सांगत होते, जणू पोरगं बोर्डात आलंय.

"भाऊ, असलं एक मलाही मिळेल?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

आत्या नुकतीच पोचली होती. तिने कुलूप हिसडून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली. "उद्यापासून विक्री सुरू."

"ते ठीक आहे, वन्सं," आई म्हणाली, "पण आत कसं जायचं?"

आत्या नवी पिन काढून मागच्या दाराकडे निघाली. तिथे अजून आमचं जुनं कुलूप होतं.