निर्गुडीचे पेले

बायको, शीला, गेल्याचं कळलं तेव्हा रंगनाथ वावरात कांद्याला पाणी देत होता. फोन दिनकररावांचा होता. जिंतूरच्या कॉलेजात ते आणि शीला, दोघंही वनस्पतिशास्त्र शिकवायचे. देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत असलेली शीला बसल्या जागी कोसळली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. रंगनाथनं मोटार बंद केली. त्यापुढचं त्याला नीट आठवत नाही.

घरी खिडकीच्या फळीवर तिचे काचेचे पेले तसेच मांडलेले होते. प्रत्येकाच्या तोंडावर एकेक कांदा, बूड पाण्याला टेकलेलं. काहींत साधं पाणी, काहींत निर्गुडीच्या पाल्याचा अर्क, कुठे फिका, कुठे कडक. कांद्याच्या मुळाच्या शेंड्याला एका पेशीच्या दोन होत राहतात, म्हणून मूळ वाढतं. औषधी पाल्याच्या अर्कानं हे विभाजन किती मंदावतं, ते शीला सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होती. पाच वनस्पती घेतल्या होत्या. चार झाल्या, निर्गुडी शेवटची. कांदे रंगनाथच्याच वावरातले. "तुमच्या कांद्याशिवाय माझं शास्त्र उपाशी," असं ती म्हणायची.

मयत झालेल्या घरात भरलेलं पाणी ठेवायचं नाही, ही गावची रीत. रंगनाथची थोरली बहीण चतुराबाई हिनं माठ, हंडे रिकामे केले आणि त्यांच्यासोबत ते पेलेही ओतून, घासून पालथे घातले.

"अक्का, ह्ये काय केलंस?"

"घरातलं पानी ठिवतेत व्हय, रंगा? आन् त्या हिरव्या पान्याचा वास लय मारायलता. कांदे न्हाई फेकले बघ, समदे एकाच टोपल्यात हायत. कालवणाला होतेल."

"कालवणाचे न्हाईत ते. शीलाचे हायत."

चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. रंगनाथ तिच्यावर चिडला नाही. तिनं रीतीप्रमाणंच केलं होतं.

दिनकरराव भेटायला आले तेव्हा त्यानं टोपली पुढं ओढली. तोवर त्यानं कांदे वेगळे करून ठेवले होते.

"सर, ही लांब, पांढरी मुळं साध्या पाण्यातली. ही आखूड, शेंडे तपकिरी पडलेली, कडक अर्कातली. कांदा मला कळतो."

"कळतो, आणि बहुतेक बरोबरही असेल," दिनकरराव म्हणाले. "पण मूळ आखूड म्हणून ते कडक अर्कातलं, आणि कडक अर्कातलं म्हणून ते आखूड, असं मी लिहिलं तर शीलाबाईंनी मला वर्गाबाहेर काढलं असतं."

"मला तर घराबाहेर," रंगनाथ म्हणाला. त्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला.

"चार वनस्पतींवर लेख पाठवू या. नाव त्यांचंच राहील."

"न्हाई सर. तिनं पाच म्हटलं होतं, पाचच होतील. निर्गुडी माझ्या बांधावर हाय, कांदे घरचे हायत. मांडायचं मी बघतो, मोजायचं तुमी बघा."

सुतक फिटल्यावर त्यानं पाला तोडला आणि सावलीत वाळवला. शीला तसंच करायची. बाजाराला नेताना तो कांद्याचं बूड विळ्यानं सपाट कापायचा, पण आता त्यानं नुसती वाळकी मुळं खरडली, कारण बूड दुखावलं की नवं मूळ फुटत नाही, हे तिनं त्याला कितीदा बजावलं होतं. पेल्यांना खुणा त्यानं दिनकररावांच्या सांगण्यावरून अशा केल्या, की कोणत्या पेल्यात काय आहे ते मोजणाऱ्या दिनकररावांना कळू नये.

चतुराबाई फळीजवळ येऊन उभी राहिली. "रंगा, माझा च्याचा कप तेवढा धुऊ का, का त्योबी कालेजचा हाय?"

"त्यो धू."

मुळं फुटली. कॉलेजात दिनकररावांनी त्याला एक शेंडा काचेखाली दाखवला. एका पेशीतले गुणसूत्रांचे रंगवलेले धागे दोन बाजूंना ओढलेले दिसत होते. रंगनाथ बराच वेळ डोळा लावून होता.

"चालू हाय की हितं काम," तो म्हणाला.

"हा साध्या पाण्यातला असणार," दिनकरराव बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"सर, आता तुमीबी वर्गाबाहेर."

अर्ध्या पेल्यांची मोजणी झाली आहे. बाकीच्यांची अजून व्हायची आहे.